सूज उतरेपर्यंत

दातांच्या डॉक्टरकडे किस्से का साठतात, याचं कारण अगदी साधं आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. दाढ निघाली की त्याच जागी कापसाचा बोळा येतो आणि वर माझी ताकीद : दाबून धरा, बोलू नका, थुंकू नका. माणूस गप्प घरी जातो. टाके काढायला येतो तेव्हा मधल्या दिवसांचं सगळं एकदम सांगतो. तो नाही बोलला, तर सोबत आलेलं माणूस बोलतं.

माझा दवाखाना तळोद्यात. समोरच धडगावकडच्या जीपा लागतात. अक्कलदाढ कशी काढायची, यात आता मला नवल राहिलेलं नाही. पण ती काढल्यावर घरोघरी काय होतं, ते मात्र सुमित्रा सिस्टर आणि मी अजूनही डबा खाताना एकमेकींना सांगत असतो.

*

म्हसावदचे भगवानआबा. पपई-केळीची बागायत, पन्नाशी उलटलेली. खालची दाढ हाडात आडवी रुतलेली होती, हिरडी कापून काढावी लागली. निघताना मी बजावलं, "आज आणि उद्या गालावर बाहेरून बर्फ. रुमालात गुंडाळून. थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा. गरम शेक अजिबात नाही. तो दोन दिवसांनंतर."

आबांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर जीपभर माणसं. मधोमध आबा. गाल इतका चढलेला की त्या बाजूचा डोळा झाकून गेला होता.

"आबा, शेक दिला ना?"

मान हलली. हो.

"कोणी सांगितलं?"

आबांनी बोट उचललं. ते आधी आईकडे गेलं. तिने मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवली होती. मग भावाकडे, त्याने वीट तापवली होती. मग व्याह्यांकडे, ते खास शहाद्याहून गरम पाण्याची पिशवी घेऊन आले होते. शेवटी बोट स्वतःच्या छातीला टेकलं आणि आबांनी हात जोडले.

मी रागावणार होते. तेवढ्यात त्यांची आई पुढे झाली. "पोऱ्या तळमळी ऱ्हायंता मन्हा. मी काय नुसती देखत बसू?"

मी बर्फाची पिशवी रुमालात गुंडाळून तिच्याच हातात दिली. "आजी, हाऊ बी शेकच शे. थंडा शेक. तुम्हीच द्या."

जीप निघाली तेव्हा म्हातारी मागच्या सीटवर बसली होती आणि केस पिकलेल्या पोऱ्याचा गाल तिच्या तळहातात होता.

*

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे विकणारे एक शिवदासभाऊ आहेत. यात्रा तोंडावर आलेली असताना त्यांची दाढ पिकली. खुर्चीत बसताना म्हणाले, "घोडाले अक्कलदाढ नही ऱ्हास, मॅडम. म्हनीसन तो मानूसनं ऐकस."

दाढ काढली. धुळीत जाऊ नका, ओरडू नका, विडी ओढू नका, असं सगळं सांगितलं. विडी त्यांनी सोडली. यात्रा सोडली नाही. जबड्याला उपरणं बांधून घोड्यांपाशी उभे राहिले. घोड्यांचा धंदा सगळा तोंडाचा. विकणाऱ्याने बोलायचं आणि घेणाऱ्याने घोड्याचं तोंड उघडून दात बघायचे. शिवदासभाऊंनी आयुष्यभर तेच केलं. जनावराची जीभ बाजूला ओढायची, ओठ वर करायचा, वय सांगायचं.

एक गिऱ्हाईक आलं. त्याने पांढऱ्या घोडीचा जबडा धरला आणि ओठ खस्सकन वर ओढला. घोडीने मान झटकली. त्याने आणखी जोरात धरलं.

"माले वाटनं मन्हाच जबडा धरा," शिवदासभाऊ टाके काढताना सांगत होते. "मी तोंड बांधेल तसाच म्हनी ऱ्हायंतू, हळू, हळू. त्याले ऐकूच नही जाये. मंग मी त्याना हात धरीसन बाजूले करा."

सौदा मोडला. घोडी घरी परत आली.

"आणि आता?" मी विचारलं.

"आते घोडानं तोंड उघडानं व्हई, त पहिले त्याना गालवर हात फिरावस. तो तयार व्हयना का मंग." मग म्हणाले, "तुम्ही बी तसंच करतस ना."

*

भांड्यांच्या दुकानवाल्या कमलाबाई. जैन कुटुंब, मूळ राजस्थानातलं, पण तीन-चार पिढ्या तळोद्यातच. त्यांचा चौविहाराचा नेम : सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत. दाढ काढायची ठरली तेव्हा पहिला प्रश्न गोळीचा आला. बधिरपणा उतरायच्या आत पहिली गोळी पोटात गेलेली बरी, नाहीतर दुखणं पुढे पळतं आणि गोळी मागून धावते. म्हणून आम्ही दाढ सकाळीच काढायची ठरवली. एक गोळी दुपारी, दुसरी दिवस मावळायच्या आधी.

"आणि रात्री दुखलं तर?" मी विचारलं.

"दुखेल."

"आजारपणात औषध चालतं ना तुमच्यात? महाराजसाहेबांना विचारून बघा."

"त्यांची ना नाही, मॅडम. मलाच नको."

पुढची गोष्ट त्यांच्या यजमानांनी सांगितली. सुमेरमलजी नेमाधर्मातले नाहीत. दुकान बंद करून घरी आलं की चहा लागतो. त्या संध्याकाळी त्यांनी आधण ठेवलं. पलीकडच्या खोलीत कमलाबाई भिंतीला पाठ टेकून, गालावर ओली पट्टी धरून बसल्या होत्या. कण्हत नव्हत्या. माळ चालू होती. सुमेरमलजींनी कप काढला, गाळणं घेतलं आणि मग गॅस बंद करून चहा तसाच ठेवून दिला. सकाळपर्यंत त्यांनीही पाणी घेतलं नाही.

"मग आता तुम्हीही नेम धरलात?" मी विचारलं.

"नाही हो," ते म्हणाले. "एका रात्रीपुरतं होतं. मी तेवढा चांगला माणूस नाही."

*

रायसिंग आणि त्याची बायको रमली धडगावच्या पलीकडल्या एका पाड्यावरून आले होते. जीपने, आणि जीप थांबते तिथून पुढे पायी. दाढ रमलीची होती. तिला पावरीशिवाय भाषा येत नव्हती, मला पावरी येत नाही. रायसिंग मधे उभा राहून माझं मराठी तिला सांगायचा. सुमित्रा सिस्टर त्याच भागातली, पण नवरा सांगतोय म्हटल्यावर ती मधे पडली नाही.

बर्फाचं बोलले तेव्हा रायसिंगने ते तिला सांगितलंच नाही.

"काय झालं?"

"आमच्याकडे बर्फ नाही, मॅडम. लाइट पण असते, नसते."

मग मी म्हटलं, मडक्यातल्या पाण्यात फडकं भिजवायचं, पिळायचं आणि गालावर ठेवायचं. गरम झालं की पुन्हा भिजवायचं. डोकं उंचावर ठेवून निजायचं. पहिला दिवस गुळण्या नाहीत, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या. त्याने एकेक गोष्ट तिला समजावली.

ते परत आले तेव्हा मी गाल बघतच राहिले. घरात दोन-दोन फ्रीज असलेल्या माझ्या गावातल्या पेशंटांचा गाल इतका लवकर बसत नाही. "काय केलंस रे?"

"तुम्ही सांगितलं तेच. फडकं."

"कामाला गेला नाहीस?"

त्याने नुसतीच मान हलवली. रमली मधेच काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. रायसिंग जमिनीकडे बघायला लागला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही. बरं आहे म्हणते."

ते गेल्यावर मी सुमित्राकडे बघितलं. ती ट्रेमधली हत्यारं धुवायला घेत होती. म्हणाली, "ती म्हणत होती, लग्न झाल्यापासून हा माझ्याजवळ इतका वेळ कधी बसला नव्हता. अजून एक दाढ आहे का बघा."

*

निर्मलाताई शहाद्याच्या शाळेतून रिटायर झाल्या. यजमान गेल्यापासून एकट्याच. मुलगा बेंगळुरूला. त्याचा फोन आला की या म्हणायच्या, मी मजेत. दाढ काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने नेमका व्हिडिओ कॉल केला आणि आईचा चेहरा बघून घाबरला. या म्हणत होत्या, मजेत आहे. गाल काही वेगळंच सांगत होता. त्याने तिथल्या तिथे रजा टाकली.

त्या मला दाखवायला आल्या तेव्हा मी खूश झाले. "छान उतरतेय सूज. दोन-तीन दिवस चढते, मग अशी उतरायला लागते."

त्यांचा चेहरा पडला. पर्स मांडीवर धरून बसून राहिल्या.

"मॅडम, तो परवा पोचतोय," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत ही राहील असं काही करता येईल का?"

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "सूज उतरली तरी दुखतंय म्हणून सांगा की."

"ते सांगेन," त्या म्हणाल्या. "त्यात खोटं काय आहे?"

*

बाजाराचा दिवस होता. बाहेरच्या बाकावर जागा नव्हती. तिशीची एक बाई आली, डोक्यावरचा पदर गालापर्यंत ओढून. बाकावरच्या कुणीतरी सरकून तिला जागा दिली आणि विचारलं, "काय व्हयनं वं बहीन?"

"दाढ काढी," ती म्हणाली.

आत आल्यावर तिने पदर बाजूला केला. डावा गाल सुजलेला, डोळ्याखाली जांभळा. ओठाच्या कोपऱ्याला चीर.

"कुठे काढली दाढ?"

"नंदुरबारले."

मी तोंड उघडायला सांगितलं. तोंडात सगळे दात होते. अक्कलदाढासुद्धा चारी, सरळ आलेल्या. इतक्या सरळ आलेल्या क्वचितच बघायला मिळतात. जबडा चाचपला, चावून बघायला लावलं, एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. सुमित्राने उठून दार लावलं.

"कोणी मारलं का?" मी विचारलं.

"दाढ काढी, मॅडम."

मी खुर्ची जवळ ओढली. पोलीस, सरकारी दवाखाना, कुठेही जायचं तरी मी सोबत येते, असं सांगितलं. ती भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "दाढच काढी."

मग मी दाढ काढलेल्यांना सांगते ते सगळं तिला सांगितलं. बर्फ कसा धरायचा, मऊ काय खायचं, उशाला दोन उशा घ्यायच्या. तिने एकेक शब्द मन लावून ऐकला. गोळी दिली, बर्फाची पिशवी दिली आणि थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

बाकावर तिच्या शेजारी सरजूआजी होती. जवळच्याच गावची, एकटी राहणारी म्हातारी. तोंडात एकही दात नाही, कवळीचं माप द्यायला आलेली. ती त्या बाईकडे बघत राहिली. मी पुढच्या पेशंटला बोलवायला दारात आले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मन्ही बी अशीच दाढ निंघे," म्हातारी म्हणाली. "मन्हा मालक जिता व्हता तवपावत."

त्या बाईने गालावरची बर्फाची पिशवी काढली आणि दोन्ही डोळ्यांवर दाबून धरली.

सुमित्राने आतून हाक मारली, "सरजूआजी, तुमचा नंबर."

"दुसराले बलावा," म्हातारी म्हणाली. काठी टेकून उठली. "चाल वं माय. तुन्हा घर कोन शे?"

"पोर शे. शाळामा शे."

"मंग पहिले शाळामा जाऊत."

दोघी पायऱ्या उतरल्या. जीपांच्या गर्दीतून पलीकडे गेल्या. मी दारातच उभी होते. पुढचा पेशंट माझ्या बाजूने आत जाऊन खुर्चीत बसला होता.

माप द्यायला सरजूआजी नंतर एकटीच आली. कवळी तयार झाल्यावर मात्र तिची पिशवी धरायला ती बाई सोबत होती. दारापाशी दप्तर पाठीला लावलेली एक मुलगी उभी होती. बाईच्या डोक्यावरचा पदर मागे होता. दोन्ही गाल सारखे झाले होते.

मी कवळी बसवली, टोचतं का ते बघितलं, आरसा हातात दिला. नव्या कवळीने पहिले शब्द अडखळतातच, म्हणून मी प्रत्येकाला बोलून दाखवायला लावते.

"आजी, काहीतरी बोला बरं. काहीही."

म्हातारीने आरसा खाली ठेवला आणि त्या बाईकडे बोट केलं.

"हाई मन्ही लेक शे," ती म्हणाली. शब्द नीट उमटले नाहीत. तिने अंगठ्याने कवळी वर दाबून बसवली आणि पुन्हा म्हणाली.