चौघांत एकटा

लढाई संपल्यावर पहिली सुट्टी मिळाली ती बहात्तरच्या जानेवारीत. मानवतच्या आमच्या शाळेत सत्कार झाला. एका वक्त्यानं सांगून टाकलं की मी शत्रूची चार विमानं पाडली. मी ‘नाही’ म्हणालो, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायसोबत रानात गेलो. कापसाची शेवटची वेचणी होती. मीही कापूस टाकायला कमरेला ओटी बांधली आणि मायशेजारची पात, म्हणजे ओळ, धरली. बोंडांची टोकं बोटांना टोचली तसं घरी आल्यासारखं वाटलं.

वेचता वेचता माय म्हणाली, “खरंच चार पाडले का रं?”

“एकबी न्हाई.”

“मंग काय झालं ते नीट सांग की.”

मी सांगितलं. आम्ही दोघं आपापली विमानं घेऊन सरहद्दीपलीकडं गेलो होतो. जोडीदाराच्या इंजिनात बिघाड झाला, तो माघारी वळला. त्याच्यामागं मीही वळणार, इतक्यात उन्हाच्या बाजूनं चार विमानं आली. पळालो असतो तर पाठीत गोळ्या बसल्या असत्या. म्हणून पंखांखालच्या इंधनाच्या जादा टाक्या टाकून दिल्या आणि सरळ त्यांच्यावर वळलो. त्यांची विमानं जड, माझं लहान. मला आखूड वळता यायचं. वळताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. एकदा एकजण समोर आला, मी गोळ्या झाडल्या, त्या हुकल्या. आणखी एकजण मागं लागला तेव्हा खाली उतरलो, पार झाडांच्या शेंड्यांपर्यंत. ते वेगात पुढं निघून गेले. ते परत वळेपर्यंत मी सरहद्द ओलांडली होती.

“विमान उतरलं, पण मला शिडी उतरता येईना. मेकॅनिकनं बखोट धरून उतरवलं.”

मायचे हात थांबले होते. “म्हंजे पळून आलास म्हण की.”

“व्हय.”

“लय बरं केलंस बाबा.”

एवढं बोलून ती बांधावर जाऊन बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. सत्काराला रडली नव्हती. मी शेजारी जाऊन बसलो. थोड्या वेळानं तीच उठली. “चल. ऊन व्हायच्या आत ही पात संपवू.”

दुपारी बाभळीखाली भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी खाल्ली आणि तिथंच आडवा झालो. लढाई सुरू झाल्यापासून तशी झोप लागली नव्हती. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, आणि माय माझ्या वाटणीची पात वेचायली होती.