बांधावरून दिसलेली आकाशगंगा

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, तेबी धड न्हाई. आकाशगंगा हा शब्द नातवाच्या पुस्तकातला. आमच्या घरात तिला नुसती वाट म्हणत. गेलेलं माणूस त्या वाटंनं जातं, असं माझी आई सांगायची. माझ्या बायकोनं ते मनात धरून ठेवलं होतं.

धरायला कारण होतं. आमची पहिली पोरगी रांगायच्या आतच तापानं गेली. मोठं माणूस गेलं की आमच्यात पिठावर दिवा ठेवतात, वात दक्षिणेला करतात, वर टोपलं झाकतात आणि दहा दिवस विझू देत न्हाईत. त्याला वाट दिसावी म्हणून. तान्ह्या लेकराला यातलं काहीच नसतं. त्याला पुरतात. दिवा न्हाई, दहावा न्हाई. पोरीला मी शेताच्या बांधाला लिंबाखाली ठेवून आलो, आणि दुसऱ्या दिवशी रानात वखराची पाळी घालायला गेलो. बायको त्यावर कधी बोलली न्हाई. पुढं पोरं झाली, नातवंडं झाली, तरी न्हाई.

औंदा फाल्गुनात जालन्याच्या डॉक्टरनं तिला घरी न्यायला सांगितलं. पोटातलं दुखणं हाताबाहेर गेल्तं. घरी आल्यावर ती म्हणाली, “मला ती वाट एकदा बघायची. दिव्याबिगर लेकराला दिसावी एवढी हाय का न्हाई, तेवढं बघते.”

अंगणातून काय दिसणार? मारुतीपुढं हायमास्टची उंच लाइट लागल्यापासून आमच्याकडं रात्रच होत न्हाई. कोंबडे कवाबी आरवतात. त्या लाइटीचा खटका माझ्या चुलतभावाच्या हातात, आणि शेताच्या वाटणीपासून त्याचं माझं बोलणं बंद. मुलगा म्हणाला, काकाला सांगून घंटाभर बंद करू. मी बिलकुल न्हाई म्हणलो. आजबी न्हाईच म्हणीन. मंग त्यानं मोबाईलवर फोटो काढून तिच्या तोंडापुढं धरला. निळा, जांभळा, चमकणारा. तिनं बघितला आणि मान वळवली. म्हणाली, “ही तं लग्नाच्या मंडपाची लायटिंग हाय.”

दिवस बुडाल्यावर मी बैलगाडीत कडबा अंथरला, वर गोधडी टाकली आणि तिला उचलून ठेवलं. वजन असं राह्यलंच नव्हतं. मुलगा बडबड करून राह्यला, सून रडून राह्यली. मी कासरा ओढला.

लिंबाजवळ गाडी सोडली. आमुशा जवळ होती, अंधार बराबर होता. चांदण्या खंडीभर, पण वाट कुठं दिसंना. बाजरी राखायला रानातल्या माळ्यावर असताना जेवण झालं की ती डोक्यावरच असायची, म्हणून तर मी सांजंला आल्तो.

“ते भादव्यातलं,” ती म्हणाली. “आता फाल्गुन हाय. जन्म शेतात गेला, अन् चांदण्याला महिना असतो हे तुमाला ठावं न्हाई.”

मी म्हणलो, मला ठावं हाय, तुझी परीक्षा बघून राह्यलो. ती हसली. हसण्यानं दुखलं.

रात्रीच्या लाइटीवर मोटार चालू करायला मी पहाटं येतो, तवा वाट दक्षिणेला वर आलेली असते, हे मंग आठवलं. थांबू, ती म्हणाली. गोळीनं तिला झोप लागली. कितीतरी रात्रींनंतर ती कण्हत नव्हती.

पहाटं वाट आली. उगवतीला जालन्याच्या कारखान्यांचा तांबडा उजेड होता, आणि त्याच्या उजव्या अंगाला ती, चुलीतली राख सांडत नेल्यासारखी, मधी मधी काळी. बराबर तिकडंच, जिकडं वात करतात. मी गाडीला धरून उभा राह्यलो. उठवावं तर दुखणं उठंल. न उठवावं तर उजाडंल, आणि उद्याचा भरवसा कुणी द्यावा? मी तिला उठवलं. पाठीला हात लावून बसवलं.

तिनं लई वेळ बघितलं.

“दिसली?” मी विचारलं.

“दिसली. उजेड हाय तिला.” मंग जरा थांबून म्हणाली, “पण लई लांब हाय वो. पोरीला तं रांगताबी येत नव्हतं.”

“कुणीतरी कडेवर घेतलं असंल.”

“कुणी? तवा आपली सगळी जित्ती होती.”

मी गोधडी तिच्या खांद्यापर्यंत ओढली. फटफटलं तशी वाट पुसत गेली, आणि मी बैल जुंपले.

त्याच पंधरवड्यात ती गेली. पिठावर दिवा ठेवला, वात दक्षिणेला केली. मी शेजारी दुसरा दिवा ठेवला. सुतकाचा म्हणून चुलतभाऊ आल्ता. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलला, तेबी सगळ्यांसमोर. “एका माणसाला एकच दिवा असतो, दादा.”

“दोघी हायेत,” मी म्हणलो.

भावकीत बोलणं झालं की म्हातारा फिरला. फिरला तर फिरला. दहा दिवस दोन्हीत तेल मीच घातलं, टोपलंबी मोठं आणलं. रात्री हायमास्टचा उजेड उंबऱ्याच्या आत यायचा. मी उठून दार लावून घ्यायचो.