मानेवरच्या केसांचा नमुना

सत्यशीला,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

पोंभुर्ण्याहून बी.एस्सी.ला माझ्या वर्गात आलीस तेव्हा पहिल्याच प्रयोगात काचेची ब्युरेट फोडलीस आणि न रडता दुसरी मागायला उभी राहिलीस. तिथेच मी तुला ओळखलं. पुढे चंद्रपूरला प्रयोगशाळेत लागलीस, माणसांच्या रक्तातला पारा मोजायला. रक्त आम्लात शिजवायचं, पाऱ्याची वाफ नळीत सोडायची, आणि ती दिव्याचा किती उजेड गिळते ते वाचायचं. यंत्र तपासायला दर खेपेला तू स्वतःचंच रक्त द्यायचीस. "फुकटचं आहे, बाई!" आकडा नेहमी तीन-चार, पाचाच्या आत म्हणजे बिनघोर.

तुला सातवा महिना लागला आणि तो एकवीस आला.

तीनदा केलंस. रक्ताशिवाय नुसतं आम्लही घालून पाहिलंस. ते कोरं निघालं, म्हणजे पारा रक्तातलाच. मग मला फोन.

"बाई, डोहाळे होते. प्रणित रोज तलावाचे मासे आणून देत होता, मी खात होती. पोराच्या डोक्यात पारा गेला असन काय हो?"

मी धावत आले. रक्त अलीकडचं सांगतं, केस मागचं. महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. कोणत्या महिन्यापासून, ते केसच सांगणार होते. प्रणितची आई, तुझ्या सासूबाई, दारात आडव्या.

"पोटुशीचे केस कापतेत काय? शिकल्यासवरल्या ना तुम्ही?"

"इंदुताई, सरका."

मानेवरची पेन्सिलीएवढी बट कापली. पण माझीच घाई झाली. मुळाकडच्या टोकाला दोरा बांधायचा राहिला, आणि पाकिटात केस उलटसुलट झाले. आता पहिला महिना कुठला नि सातवा कुठला? चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, आधी खूण, मग कात्री!

तू त्याही अवस्थेत हसलीस. "आमचे मार्क कापले असते, बाई, तुमी."

"कापलेच असते."

ठरलं, गुरुवारी पुन्हा कापायचे, नागपूरच्या प्रयोगशाळेत तपासायला मी न्यायचे.

गुरुवारी मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. साफ खोटं. आकडा मोठा निघाला तर तुला वाचून कोण दाखवणार, या भीतीने पाय उचलेना. तूही पुन्हा विचारलं नाहीस. तुझीही तीच गत असणार.

तुझा आयुष पाच महिन्यांचा झाला म्हणे. मासे खाल्लेले ते दिवस अजून तुझ्या केसांत आहेत, मुळापासून चार बोटांवर. नागपूरला मात्र मी गेले नाही, तूही नाही.