सातवा माणूस

आमचा फुटबॉल क्लब कल्याणच्या लोको शेडमधल्या फिटरांनी काढला. माझे वडील त्यांतलेच. पहिला नियम असा, की रेल्वेच्या मस्टरवर ज्याचं नाव, तोच खेळणार. तेव्हा शेडमध्ये दोन टीम होतील एवढी पोरं होती, म्हणून ते खपलं. पुढे मी फिटर झालो, क्लबचा गोलकीपर झालो, मग सेक्रेटरी. नियम मी वडिलांपेक्षा कडक चालवला. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही, असा माझा स्वभाव.

माझा मुलगा डाव्या पायाने सुरेख खेळायचा. कॉलेजात असताना त्याने एकदा टीमच्या यादीत स्वतःचं नाव लिहिलेलं. मी सगळ्यांसमोर खोडलं. म्हटलं, "आधी रेल्वेत लाग, मग ये." त्याने बूट शेजाऱ्यांना देऊन टाकले. आता मानपाड्याला संसार आहे त्याचा, दिवाळीला येऊन जातो. बायको गेल्यापासून माझ्या घरात बोलणारा मीच आणि ऐकणाराही मीच. फार एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू?

यंदा आम्ही लीगच्या सगळ्यात खालच्या गटात. दोन मॅचना माणसंच भरली नाहीत. तिसऱ्यांदा तसं झालं तर क्लबचं नाव कायमचं कटणार होतं. त्या रविवारी सकाळीच फोन आले, अमक्याला ड्युटी लागली, तमक्याला लागली. सहा जण उरले आणि किमान सात तरी लागतात. नाक मुठीत धरून मुलाला फोन केला. "अरे, नुसता उभा राहा, पण ये."

"बाबा, मी रेल्वेत कुठे आहे?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

शेवटी मीच ग्लोव्हज चढवले. गुडघे बोंबलत होते. नऊ गोल खाल्ले, पण मॅच पूर्ण झाली आणि क्लब वाचला. "काका, भारी," म्हणत पोरं बाइकवरून निघून गेली.

मी मैदानातच बसून राहिलो. मला कुठे जायची घाई होती? मुलाला कळवावं म्हणून फोन काढला आणि हात थबकला. रिटायर झालो तेव्हाच मस्टरवरून माझं नाव गेलेलं. जो नियम तेव्हा पोटच्या पोरासाठी तसूभर वाकवला नाही, तो आज स्वतःसाठी मोडतोय हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

तरी फोन लावला. म्हटलं, "तुझं नाव खोडायला नको होतं रे."



"जेवून घ्या बाबा," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.