गोष्टीतल्या मुलीचं नाव
आंबेमोहोर शिजायला लागला की मला गेल्या वर्षीची ती दुपार आठवते. मी चोरून गोष्टी लिहिते हे आमच्या भाडेकरू मुलीला तेवढं ठाऊक होतं. ती लातूरकडची, कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. माझी गोष्ट अडली होती. चौथीनंतर घरी बसवलेली मुलगी हट्टाने पुन्हा शाळेत जाते, एवढीच गोष्ट. पण तिला गावातलं कुठलंही नाव दिलं तरी कुणीतरी ते स्वतःवर ओढून घेणार आणि माझं लिहिणं चव्हाट्यावर येणार. "काकू, एआयला विचारूया ना," म्हणत तिने भाताच्या वाफेपासून फोन लांब धरून विचारलं. आधी मृण्मयी, शर्वरी अशी नावं आली. मी म्हणाले, "अगं, ही शेण काढती. मृण्मयी कुटं शेणात हात घालती व्हय?" ती खूप हसली. मग मला विचारून विचारून तिने मुळशी, शेतकऱ्याचं घर, चाळीसेक वर्षांपूर्वीचा काळ, असं सगळं फोनला सांगितलं आणि आलेली नवी नावं वाचत गेली: हौसा, चांगुणा, झुंबर. मी पळी तशीच धरून उभी राहिले. झुंबर हे माझं माहेरचं नाव. लग्नात मालकांनी तांदळात अंगठीने दुसरं नाव लिहिलं, तेव्हापासून ते सासरी कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. "झुंबर ठेव," मी म्हणाले, "हितं हे नाव कुणाचंच न्हाई." गोष्ट मी अजून लिहितेच आहे. परवा झुंबर पाचवीच्या वर्गात जाऊन बसली. बाईंनी हजेरीत तिचं नाव घेतलं आणि ती मोठ्याने "हजर" म्हणाली.