नणंदबाईंच्या चिकट पेशी

आमच्या नणंदबाईंइतकं घाबरट माणूस अख्ख्या नाशिकात शोधून सापडणार नाही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, अंड्यातला कोंबडीचा गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली तास न् तास न्याहाळतात. पण रविवार कारंजावर रस्ता ओलांडताना माझं मनगट असं आवळतात की बांगड्यांचे वळ उठतात. काहीही सुटण्याची त्यांना भारी धास्ती. आमटीच्या डब्याला रबर, वर पिशवी, पिशवीला दोन गाठी. डबा आमच्याकडे पोचला की उघडायला शेजारी बोलवावे लागतात. कारण विचाराल तर मेंदू. "अगं, बाळाचा मेंदू घडताना मूळ पेशी आतल्या पोकळीच्या कडेला एकमेकींना चिकटून बसतात. चिकटून आहेत तोवर नव्या पेशी देत राहतात. पकड सुटली की जागा सोडतात, वेळेआधीच चेतापेशी होऊन बसतात, मूळ साठा संपतो आणि मेंदू लहान राहतो."

हे त्यांनी सांगावं कुठे, तर माझ्या डोहाळजेवणात. मी फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर, बायका म्हणाल्या, "ताई, एखादं गाणं म्हणा," तर बाईंनी हे सुरू केलं. शेवटी सासूबाईंनी पुढे होऊन लेकीच्या तोंडात बर्फी कोंबली. मी तेव्हा पोट धरून हसले.

पुढच्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "डोक्याचा घेर जरा कमी वाटतोय. तीन आठवड्यांनी परत बघू." नणंदबाई शेजारीच होत्या. वाटलं, आता बोलतील. एक अक्षर नाही. घरी आल्यावर मीच विचारलं, "ताई, माझ्या बाळाच्या पेशींनी एकमेकींना धरलं असेल ना हो?"

"मला नाही माहीत," म्हणाल्या आणि मेथी निवडत बसल्या.

झालं. यांना कळलंय, म्हणूनच गप्प आहेत, एवढंच डोक्यात. त्या रोज यायच्या, भाजी निवडायच्या, जायच्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायलासुद्धा भ्यायचे.

तीन आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवलं. डोकं वाढत होतं, अगदी व्यवस्थित. बाळच मुळात लहानखुरं होतं. बाहेरच्या बाकावर नणंदबाई मटकन बसल्या.

"इतके दिवस मी एक पुस्तक उघडलं नाही गं," म्हणाल्या. "वाचलं असतं तर तुझ्या घरी यायचा धीर झाला नसता."

लेक आता त्यांना आत्तू म्हणते, दिवसभर त्यांचं डोकं खाते. पण त्या तीन आठवड्यांत मला त्यांच्या येण्याचाच राग यायचा. बेल वाजली की मी मुद्दाम लगेच उठायचे नाही, आणि त्या जिन्यात भाजीची पिशवी घेऊन उभ्या असायच्या. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.