ताई साहेब व्हायच्या तेव्हा

आमच्या संघटनेच्या शोभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरच्या छापखान्यात पत्रकाचं प्रूफ वाचत उभी होते. मथळ्यापुढे तीन उद्गारचिन्हं होती. फोन ठेवला, डोळे पुसले आणि त्यातली दोन खोडली... ताईंनी तिसरंही ठेवलं नसतं.

शोकसभेत वक्त्यांनी त्यांना ‘मायेची सावली’ करून टाकलं. साफ खोटं! मी संघटनेत नवी होते तेव्हा आमच्या गावाची संध्याकाळची एसटी बंद झाली होती. मुली शाळेतून अंधारात पायी परतायच्या आणि दोघींच्या घरी शाळाच सोडवायचं ठरत होतं. मी आगाराच्या साहेबांसाठी जळजळीत निवेदन लिहिलं. ताईंनी ते वाचलंसुद्धा नाही. ऑफिसातल्या लोखंडी खुर्चीत बसल्या, तोंडात सुपारी टाकली. “मी साहेब झाली. सांग, काऊन आली?” मी सुरुवात करताच त्या खोट्या फोनवर बोलू लागल्या, “हाव, मेथीच आण, पालक नको.” मी भडकले. “भडकली? गेली तुही एसटी!” मग ‘प्रशासनाचा निर्लज्ज कारभार’ म्हटलं, तर सरळ जांभई दिली. असं रोज दुपारी. आणि मग खुर्ची बदलायची. “आता तू साहेब हो अन् माहं काय चुकलं ते सांग.” मी सांगायची, “ताई, तुम्ही इतकं गोड बोलता का साहेब झोपून जाईन.” त्या पोट धरून हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी खरंच वेगळं बोलायच्या. आमच्या चळवळीतले ज्येष्ठ हातातला माईक सोडत नाहीत, वर विचारतात, तरुण पोरं काऊन येत नाहीत!

भेटीच्या दिवशी ताई आगाराबाहेरच्या बाकावर शेंगा फोडत बसल्या. “मी आत आली तर तो माह्याशीच बोलीन. जाय तू.” आत साहेबांनी मान वर केली नाही. सुपारीची डबी उघडली. तेवढ्यात फोन वाजला आणि साहेब म्हणाले, “वांगे चालतीन.” मला असं हसू फुटलं की आवरेना. “काय झालं?” त्यांनी दरडावलं. मी खरं तेच सांगून टाकलं, “आमच्या ताई तुमची हुबेहूब नक्कल करतात.” वाटलं, गेली एसटी... पण साहेबही हसले, म्हणाले, “बसा.” मग मी मुलींचं सांगितलं. शाळा कधी सुटते, रस्ता कुठे सुनसान आहे, घरी काय चाललंय. एकही विशेषण न लावता. एसटी सुरू झाली. “नक्कल करते म्हणून सांगतलं? बावळट कुठली!” म्हणत ताईंनी उरलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या.

त्याच एसटीनं शाळा पुरी केलेली प्रियंका आता आमच्या संघटनेत काम करते. परवा ती निवेदन घेऊन आली, तशी मी लोखंडी खुर्चीत बसले, सुपारी टाकली, मेथी मागवली. ती फोन संपायची वाट बघत उभी राहिली आणि हसू मलाच फुटलं. मग आम्ही खुर्ची बदलली. ती ऐसपैस बसली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही लवकर हसता. साहेब असा हसते का?”

“हाव वं,” मी म्हटलं. “ऊठ. पुन्हा करू.”